शाळा ओरडते, कॉलेज यादी लावतं

बारावीचा निकाल लागला की मुलाच्या हातात पेढ्यांपेक्षा सल्ले जास्त पडतात. काका म्हणतात, ध्येय मोठं ठेव. आत्या म्हणते, संगत बघून धर. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणतात, रोज इंग्रजी पेपर वाच, अग्रलेखासकट. सगळ्यांचं बरोबरच असतं. अडचण एवढीच की यातलं काहीही कॉलेजच्या पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही. पहिल्या दिवशी उपयोगी पडते ती डिंकाची बाटली. फॉर्मवर फोटो चिकटवायचे असतात, रांग जिन्यापर्यंत गेलेली असते आणि डिंक एकाकडेच असतो. त्या दिवशी अख्ख्या वर्गात त्याच्याइतकं लोकप्रिय कोणी नसतं.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. प्राध्यापक मुलांना शिकवतात, प्राचार्य मुलांसमोर भाषण करतात. पण मुलगा खरा कसा आहे ते कळतं फी भरायच्या खिडकीवर, शेवटच्या तारखेला, पावणेपाच वाजता.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीपुढे एक माणूस कधीच नसतो, कुटुंब असतं. वडील पुढे, आई प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून मागे, आणि ज्याचा प्रवेश तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मी मुलाकडे बघून विचारायचो, "नाव?" उत्तर वडिलांकडून यायचं. "जन्मतारीख?" उत्तर आईकडून यायचं, वेळेसकट. "दुसरी भाषा कोणती घेणार?" यावर दोघांत थोडी चर्चा व्हायची. मुलगा तेवढा वेळ आतला पंखा बघत असायचा. शेवटी मी फॉर्म सरकवून म्हणायचो, "इथे सही कर." मग मात्र दोघंही बाजूला व्हायची आणि मुलगा पेन हातात धरून विचारायचा, "पूर्ण नाव लिहू का?"

म्हणून माझा पहिला सल्ला सहीचा. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलं सही घडवायला घेतात आणि ती फार मनावर घेतात. एकानं आडनावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी उलटी फिरवून थेट पहिल्या अक्षराला नेऊन बांधली होती, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. तीन वर्षांनी पदवीच्या अर्जावर त्याला ती शेपटी काही केल्या परत फिरवता येईना. खिडकीबाहेर उभा राहून तो रद्दी कागदावर स्वतःच्याच सहीचा सराव करत होता. सही अशी ठेवा की तापात, घाईत आणि भिंतीवर कागद धरूनही ती तशीच यावी. आणि खिडकीवर आपलं नाव आपण सांगा. वडिलांना ते पाठ आहे, त्याची परीक्षा घेण्याचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. शाळा आणि कॉलेज यांतला फरक मुलांना सांगताना लोक स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द वापरतात. फरक साधा आहे. शाळा ओरडते. गृहपाठ केला नाही तर बाई ओरडतात, बाई घरी कळवतात, मग घरचे ओरडतात, संध्याकाळी क्लासचे सर ओरडतात. एवढ्या ओरड्यात मूल आपसूक बारावी होतं. कॉलेजात कोणी ओरडत नाही. लेक्चरला गेलं नाही तर रागवायला कोणी येत नाही. शंभर-सव्वाशेच्या वर्गात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. फॉर्म भरला नाही तर घरी फोन जात नाही. मुलाला वाटतं, सुटलो. आणि मग एके दिवशी नोटीस बोर्डावर एक यादी लागते. जिच्यात नंबर असायला हवा तिच्यात तो नसतो, आणि नसायला हवा तिच्यात ठळक असतो.

यादी वाचायची सवय लावून घ्या. आता याद्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही येतात, पण त्या ग्रुपवर त्याच दिवशी दोघांचे वाढदिवस असतात. "एक्झाम फॉर्मची शेवटची तारीख" ही नोटीस केकच्या एकोणसाठ चित्रांच्या खाली जाते. नंतर खिडकीवर येऊन मुलं म्हणतात, "काका, आम्हाला कोणी सांगितलंच नाही." सांगितलेलं असतं. लेट फीची नोटीसही लागलेली असते आणि तिच्यापुढे सुपर लेट फीची. या दोन नोटिसा मात्र सगळ्यांना बरोबर सापडतात.

कागदपत्रांची एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सांगतो. ओरिजिनल कागद चोरीला जात नाहीत, ते झेरॉक्सच्या मशीनमध्ये राहतात. मुलगा दहा प्रती मोजून घेतो, पैसे देतो, पावसातून धावत आमच्या खिडकीवर येतो, आणि दहावीचं मूळ मार्कशीट काचेवर, झाकणाखाली, तसंच पालथं पडलेलं असतं. आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं अशा विसरलेल्या कागदांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. जूनमध्ये रिकामा असायचा, ऑगस्टपर्यंत झाकण लागेनासं व्हायचं. त्यात नॉन-क्रीमीलेयर होती, डोमिसाईल होती, आणि एक लग्नपत्रिकाही होती. ती कोणी, कोणत्या प्रवेशासाठी झेरॉक्स केली हे शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा झेरॉक्सवाल्याशी ओळख ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, कॉलेजला मूळच द्यावा लागतो, आणि तो एकदा दिला की दिला. त्याच्या झेरॉक्स देण्याआधी काढायच्या असतात. दिल्यावर "काका, दोन मिनिटं परत देता का" असं विचारणारे दरवर्षी निम्मे तरी निघतात.

गेली काही वर्षं मात्र खिडकीवर असे प्रश्न येऊ लागले की मलाच घाम फुटायचा. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. आता मेजर असतो, मायनर असतो, ओपन इलेक्टिव्ह असतो, शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी आणि आयकेएस. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, माझं सगळं झालंय, फक्त व्हीईसी सापडत नाहीये." मी आधी टेबलाखाली बघितलं. यातली गोम एवढीच, की तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट जमवायची असतात आणि कोणत्या टोपलीतून किती घ्यायची हे ठरलेलं असतं. मित्रानं घेतला म्हणून विषय घेऊ नका. मित्र दुसऱ्या आठवड्यात बदलतो, विषय बदलायची मुदत पहिल्याच आठवड्यात संपते. आणि सीनियरची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली म्हणून अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून आणण्याआधी, अभ्यासक्रम तोच आहे का ते बघा. त्या चौकात जुनी पुस्तकं विकत घेणारेही बसलेले असतात आणि आदल्या दिवशी घेतलेलं पुस्तक परत विकायला गेलं की किमतीचा अर्थशास्त्रातला पहिला धडा फुकट मिळतो.

हजेरीबद्दल. नियम ७५ टक्क्यांचा आहे आणि तो आहे हे मुलांना डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर कळतं. आमच्या पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि त्या मानानं वर्ग ओस पडतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात मेडिकल सर्टिफिकेटांचा हंगाम येतो. मुलांचा आवडता आजार टायफॉईड. सर्दी फार दिवस पुरत नाही आणि त्याहून मोठ्या आजाराला रिपोर्ट जोडावे लागतात. एकदा असंच एक सर्टिफिकेट खिडकीतून आत आलं. तीन आठवडे संपूर्ण विश्रांती, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलेलं. ते सरकवणाऱ्या हाताच्या चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि अंगठ्याच्या बुडाशी फुटून वाळलेला फोड.

"कुठलं पथक?" मी विचारलं.

त्यानं अभिमानानं नाव सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

"ढोल की ताशा?"

"ढोल, काका." तोपर्यंत मी सर होतो.

सर्टिफिकेट मी परत दिलं आणि वर्गशिक्षकांना भेटून खरं काय ते सांग म्हटलं. त्यांनी त्याला बुडालेली सगळी प्रॅक्टिकल्स दिवाळीच्या सुट्टीआधी भरून काढायला लावली. बोटं तेव्हाही दुखत होतीच, या वेळी जर्नल लिहून. सांगायचं एवढंच, की पथक असो, नाटक असो, क्रिकेट असो, जाण्याआधी जाऊन विचारा. आधी विचारलेल्याला बहुतेक सर वाट काढून देतात. नंतर विचारणाऱ्याला आजार शोधावा लागतो.

आणि प्रॉक्सीवर भिस्त ठेवू नका. रोल नंबर पुकारला की तीन कोपऱ्यांतून तीन आवाजांत "यस सर" येतं आणि ज्याचा नंबर तो खाली कॅन्टीनला वडापाव खात असतो. माणसाला मित्र किती असावेत याला हजेरीच्या दृष्टीनं मर्यादा आहे.

बाहेरगावची मुलं पुण्यात उतरली की दोन गोष्टी शोधतात, कॉट आणि मेस. कॉट बेसिसच्या खोलीत चार कॉट, एक खिडकी, एक प्लग आणि चार मोबाईल असतात. राज्यशास्त्राचे सगळे सिद्धांत त्या प्लगाभोवती प्रत्यक्षात बघायला मिळतात. डिपॉझिट दिलंत तर पावती घ्या. पहिल्याच दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा: भिंतीतली भोकं, उडालेला रंग, गळका नळ, सगळं. खोली सोडताना मालक तीच भोकं नव्यानं शोधतात आणि त्यांना फार वाईट वाटतं.

मेसमध्ये पैसे भरण्याआधी जेवणाची चव बघतात, ते ठीक. पण खाड्याचा नियम विचारा. गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी खाडा सांगावा लागतो, आणि किती दिवसांचा सलग खाडा असेल तर पैसे वळते होतात याचं प्रत्येक मेसचं शास्त्र वेगळं. एका वेळचा खाडा कोणीच धरत नाही. त्यासाठी वाद घालणारा मुलगा पुढे वकिलीला गेलेला मी पाहिला आहे. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. पहिल्या रविवारी रात्री साडेआठला बंद शटरपुढे उभा राहून जो मुलगा पाटी पुन्हा पुन्हा वाचतो, तो शहरात नवा आहे हे ओळखायला आयकार्ड लागत नाही. मराठवाड्याच्या मुलांना इथल्या आमटीतला गूळ सहन होत नाही, विदर्भातल्या मुलांना तिखट म्हणून जे वाढतात त्याचं हसू येतं. त्यावर उपाय म्हणजे घरून आलेला चटणीचा डबा. तो लपवू नका. लपवलेला डबा वासावरून सापडतोच, आणि वर मैत्रीही जाते. उघडून मधोमध ठेवा. एका रात्रीत संपेल, पण त्या रात्रीनंतर ताप आला तर गोळी आणून देणारे तीन जण तुमच्या खोलीत असतील.

पैशांचं म्हणाल तर मोठा खर्च मुलाला कधीच बुडवत नाही. फी, खोली, मेस यांचा हिशेब घरी पाठ असतो. बुडवतात ते दहा-वीस रुपये. मोबाईल दाखवला की चहा मिळतो, पाकिटातून नोट जात नाही, त्यामुळे मनाला काही टोचत नाही. अमृततुल्यवर रोज उभं राहणाऱ्या टोळक्यात पैसे देणारा बहुधा एकच असतो आणि तो नवा असतो. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हे तत्त्व पहिल्याच आठवड्यात हसत हसत जाहीर करा. महिनाभर उदार राहून मग जाहीर केलं तर तुम्ही बदललात म्हणतात.

एका बाबतीत मात्र मस्करी नाही. रॅगिंगच्या विरोधात महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालक जे प्रतिज्ञापत्र न वाचता भरता, ते याचंच. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन आहे. "नाव सांग, गाणं म्हण" इथपर्यंत सीनियरला हसून घ्या; त्यापुढे अपमान, धाक, पैसे किंवा अंगाला हात यांतलं काहीही आलं तर सोसू नका, त्याच दिवशी सांगा. इथेही कोणी आपणहून विचारायला येईल याची वाट बघू नका.

तेच शिष्यवृत्तीचं. माझ्या डोळ्यांदेखत सर्वांत जास्त पैसा वाया गेला तो इथे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणखीही बऱ्याच आहेत. महाडीबीटीच्या पोर्टलवर मुलगा रात्री जागून फॉर्म भरतो, पावतीची झेरॉक्स काढतो आणि निर्धास्त होतो. फॉर्म माझ्या लॉगिनला येतो. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो. मी तो परत पाठवतो. पोर्टलवर "सेंट बॅक" असे दोन शब्द दिसतात. ते बघायला मुलाला पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याला माहीत असतो. मुदत संपते. मग वडील येतात, गावाहून, एसटीनं, आणि खिडकीतून हात जोडतात. त्या वेळी माझ्या हातात काही उरलेलं नसायचं. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा, बँकेचं खातं आधारशी जोडून घ्या, दर आठवड्याला स्टेटस बघा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरायचा असतो हे आत्ताच लिहून ठेवा.

अभ्यासाबाहेर काहीतरी एक धरा. एकच. पहिल्या आठवड्यात मुलं एनएसएसला नाव देतात, एनसीसीला देतात, वाद-विवाद मंडळाला देतात, गिर्यारोहणाला देतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून सगळीकडून लपत फिरतात. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालतो, दरवर्षी कॉलेजची पोरं एकांकिकेपायी रात्र रात्र जागतात. स्टेजवर चार-पाचच जण असतात. पण पडद्यामागे सेट उचलणारा, खिळे शोधणारा, चहा मोजून आणणारा आणि प्रेक्षकांत बसून "आवाज कुणाचा" ओरडणारा यांची मैत्री पुढे वीस-वीस वर्षं टिकलेली मी बघितली आहे. त्यांच्या मुलांचे प्रवेश घ्यायला ते एकत्र यायचे आणि रांगेतही एकांकिकेवरूनच भांडायचे. काम मिळालं नाही म्हणून रुसू नका. खिळे कुठे मिळतात ते माहीत असणाऱ्याला कुठल्याही मंडळात जागा असते.

घरची आठवण येते, त्याला औषध नाही, मुदत आहे. दिवाळीपर्यंत. तोवर रोज रात्री आईचा फोन येतो, "जेवलास का?" आणि मुलगा "हो" म्हणतो. खरं जेवून "हो" म्हटलेलं आणि न जेवता म्हटलेलं आईला कळतं, तेव्हा खोटं बोलण्याचे कष्ट घेऊ नका. दर शनिवारी गावी पळू नका. पहिल्या दोन महिन्यांत जो शहरात शनिवार-रविवार काढतो त्याला रस्ते, लायब्ररी आणि माणसं सापडतात. पळणाऱ्याला फक्त स्टँड सापडतो.

शेवटी एका मुलीबद्दल सांगतो. लातूरकडची, एकटीच आली होती प्रवेशाला. हातात दुरेघी वही, त्यात प्रश्न लिहिलेले, क्रमांक घालून. हॉस्टेलला अर्ज कुठे? बोनाफाईड किती दिवसांत? फीचे हप्ते पडतात का? लायब्ररीतलं पुस्तक किती दिवस ठेवता येतं? मागची रांग कुरकुरत होती, ती प्रत्येक उत्तर लिहून घेत होती. मी वैतागून म्हटलं, "अगं बाळ, एवढं सगळं आजच विचारायचं का?" ती म्हणाली, "काका, परत यायचं म्हणजे रिक्षाला पैसे जातात." तीन वर्षांत तिचा एकही फॉर्म परत आला नाही, लेट फी पडली नाही, आणि कमवा व शिकामध्ये लायब्ररीत काम करून तिनं खर्च भागवला. गुणवत्ता यादीत ती कधी नव्हती. डिफॉल्टर यादीतही नव्हती. दरवर्षी नव्या मुलांना मी तिचं नाव न सांगता तिची वही सांगायचो.

तेव्हा ध्येय मोठं ठेवा, संगत बघून धरा, अग्रलेख वाचा. ते काका, आत्या आणि बँक मॅनेजर बघून घेतील. माझं एवढंच ऐका, की आता तुम्हाला कोणी विचारणार नाही, म्हणून तुम्ही विचारा. सरांना विचारा, शिपाईमामांना विचारा, लायब्ररीतल्या मॅडमना विचारा. प्रश्न बावळट असला तरी चालेल, त्याहून बावळट प्रश्न सकाळीच कोणीतरी विचारून गेलेला असतो. ऑफिसच्या खिडकीवर या. दीड ते दोन जेवणाची सुट्टी असते. खिडकी दोनला उघडते असं पाटीवर लिहिलं आहे. तुम्ही सव्वादोनला या.